शेड रिकामी झाली, आता पहिला हक्क कोणाचा?

नेरूळमध्ये सायन-पनवेल महामार्ग ओलांडून पूर्वेला गेले की शिरवणे-नेरूळची एम.आय.डी.सी. लागते. पत्र्याच्या शेड, लेथचा आवाज, वेल्डिंगच्या ठिणग्या, पावडर कोटिंगचा वास, दारात उभे टेम्पो. आपल्यातील कितीतरी लोकांची रोजीरोटी या गल्ल्यांत आहे. कुणाचे फॅब्रिकेशनचे काम, कुणाचे लाकडी पेट्यांचे, कुणाचा भंगाराचा गाळा, कुणाची कामगारांना जेवण पुरवणारी खानावळ. पण याच गल्ल्यांतून फिरताना मधूनमधून एखाद्या मोठ्या शेडला कुलूप दिसते. फाटकावर गवत वाढलेले असते आणि आत यंत्रांच्या पायांचे सिमेंटचे चौथरे तेवढे उरलेले असतात.

अशा बंद शेडचे पुढे काय होणार, हा प्रश्न आम्ही आज व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून कारखाने आले. त्यातील अनेक पुढे बंद पडले किंवा दुसरीकडे गेले, आणि आज रबाळे-महापेच्या बाजूला जुन्या कारखान्यांच्या शेजारी आय.टी. इमारती व डेटा सेंटर उभी आहेत. मात्र जगभर बंद कारखान्याचा आणखी एक उपयोग गेल्या चाळीस वर्षांत रूढ झाला आहे. तेथे कला केंद्र काढायचे. चित्रे, शिल्पे, मांडणी, नाटक, कार्यशाळा, पुस्तकांचे दुकान, चहाचे हॉटेल. नेरूळच्या पट्ट्यात असे केंद्र अजून झालेले नाही. मुंबईत त्याची सुरुवात झाली आहे, आणि मुंबईत जे होते ते खाडी ओलांडून इकडे यायला फार वेळ लागत नाही.

"चित्रांशी आपला काय संबंध? आपण बरे, आपला धंदा बरा," असे कुणी म्हणेल. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. हा प्रश्न आधी जागेचा आहे, भाड्याचा आहे, मजुरीचा आहे. चित्राचा प्रश्न त्यानंतर येतो.

मुंबईने काय शिकवले?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यात मदनपुऱ्याचे मोमीन विणकरही होते, ज्यांच्या घराण्यांत हातमाग पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. संपानंतर कापडाचे बरेच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेले आणि गिरण्या एकेक करून थंडावल्या. मागे राहिली जमीन, तीही शहराच्या मधोमध.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीसाठी एक सूत्र ठरले. ढोबळमानाने एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानासाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. सूत्र ऐकायला न्याय्य होते. परंतु २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीऐवजी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली. गिरणीच्या आवारात इमारती जास्त आणि मोकळी जागा थोडी. त्यामुळे शहराच्या वाट्याला यायचा हिस्सा एकदम आटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरण्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या, हॉटेले आणि टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या.

व्यापारी माणसाने यातून एकच गोष्ट लक्षात ठेवावी. मोर्चे हजारो निघाले, भाषणे झाली, पण वाटणी ठरली ती नियमातील एका शब्दाने. "संपूर्ण" जमीन की "मोकळी" जमीन, एवढाच फरक. कागद कुणाच्या हाती होता, तो जिंकला.

कलेसाठी जी जागा मिळाली ती तुकड्या-तुकड्यांनी. कुलाब्यात एका जुन्या छापखान्यात कलादालन आले. बॅलार्ड इस्टेटमधील जुन्या बर्फाच्या कारखान्यात अलीकडच्या वर्षांत कला व वास्तुकलेचे केंद्र सुरू झाले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड गिरणीच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना तर वर्षानुवर्षे चालूच आहे.

सर्वात जास्त गर्दी जमली ती ससून डॉकला. १८७५ साली बांधलेला हा धक्का म्हणजे मासळीचा मोठा बाजार. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मध्ये तेथील जुन्या गोदामांत 'स्टार्ट इंडिया' या संस्थेने कला प्रदर्शन भरवले. प्रवेश सर्वांना मोफत होता. आम्हीही गेलो होतो. बाहेर कोळणी कोळंबी सोलत बसलेल्या, भिंतीवर त्याच धक्क्यावरच्या माणसांची मोठमोठी छायाचित्रे, आणि आत गोदामात रंगीत मांडणी. जी माणसे एरवी नाक दाबून त्या रस्त्याने जात, ती रांग लावून आत येत होती. धक्का बंद न करता, मासळीचा धंदा न हलवता प्रदर्शन भरले, ही त्यातील चांगली बाजू. दोन महिन्यांत सामान उचलले गेले आणि गोदामे पुन्हा होती तशी झाली, ही दुसरी बाजू. पाहुणा आला, पाहुणा गेला.

पाहुण्याच्या येण्याने कायमचे काम निर्माण होत नाही, एवढे आपण समजून घेतले पाहिजे.

भाडे कसे चढते?

बीजिंग शहरात १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा प्रचंड कारखाना बांधला गेला. पुढे त्यातील शेड ओस पडल्या. २००० नंतर स्वस्त भाडे पाहून चित्रकार आणि शिल्पकार तेथे आले. जागेला कारखान्याच्याच क्रमांकावरून '७९८' असे नाव पडले. नाव झाले, पर्यटक आले, मोठ्या कंपन्यांची दुकाने आली आणि भाडे असे चढले की ज्या कलाकारांनी ती जागा नावारूपाला आणली त्यातील अनेकांना तेथून निघावे लागले.

लंडनची टेट मॉडर्न सर्वांना ठाऊक आहे. बँकसाइडचे वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद पडले आणि मे २००० मध्ये त्याचे कलादालन झाले. पहिल्याच वर्षी पन्नास लाखांवर लोक येऊन गेले. आजूबाजूचा जुना गोदामांचा भाग महागड्या घरांचा झाला.

आता हे चित्र शिरवण्याच्या गल्लीत ठेवून पाहा. एम.आय.डी.सी.ची जमीन भूखंडधारकाला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेली असते. त्याच्या शेडचा एक कोपरा आपला वेल्डर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर घेतो. वर्षानुवर्षे करार नवा होत जातो आणि त्याला वाटते की ही जागा आपलीच आहे. भूखंडाचा वापर बदलायचा ठरला की बोलणी होतात ती महामंडळ, भूखंडधारक आणि नवा येणारा यांच्यात. अकरा महिन्यांचा माणूस त्या बैठकीत नसतोच. त्याच्या हातात नोटीस तेवढी येते.

आमच्या ओळखीचे एक उस्ताद वीस वर्षे एकाच शेडमध्ये लोखंडी जाळ्या बनवत होते. करार तोंडी, भाडे रोख, पावती नाही. मालकाने जागा सोडायला सांगितली तेव्हा ते आमच्याकडे आले. "वीस वर्षे बसलो आहे याचा पुरावा काय?" असे आम्ही विचारले, तर त्यांनी भिंतीवरचा काजळीचा थर दाखवला. काजळी कोर्टात चालत नाही, बांधवांनो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी जागामालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. पण म्हणणे मांडायलाही विजेचे बिल, बँकेतून दिलेले भाडे, जी.एस.टी.वरील पत्ता अशी काही खूण लागते. म्हणून आमची पहिली विनंती अशी की, आजपासून भाडे रोख देऊ नका.

एक चांगला नमुना

मग कला केंद्रच नको, असे म्हणायचे का? आमच्या मते तसे म्हणणे घाईचे होईल. ब्राझीलमधील साओ पाउलो शहरात पोम्पेया नावाच्या वस्तीत लोखंडी पिंप बनवण्याचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर पाडून टाकण्याचा विचार होता. परंतु वास्तुकार लीना बो बार्दी यांनी विटांच्या त्या शेड तशाच ठेवल्या आणि १९८२ मध्ये तेथे केंद्र सुरू झाले. त्यात प्रदर्शनाची जागा आहे, नाटकगृह आहे, वाचनालय आहे, उपाहारगृह आहे. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तेथे मातीकाम, लाकूडकाम, विणकाम अशा हातकामाच्या कार्यशाळा आहेत. पाहायला येणारा माणूस तेथे काम करायलाही बसतो.

हे केंद्र चालवते कोण? सरकार नव्हे आणि एखादा धनाढ्य उद्योगपतीही नव्हे. तेथील व्यापार व सेवा क्षेत्राची संस्था 'सेस्क' ते चालवते. १९४६ पासून व्यापारी आस्थापना आपल्या पगारपत्रकाच्या दीड टक्का रक्कम या संस्थेला देतात आणि त्यातून दुकानांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्यांसाठी आणि वस्तीसाठी अशी केंद्रे चालतात. म्हणजे व्यापाऱ्यांच्या पैशातून उभे राहिलेले, कारखान्याच्या जागेवरचे, कारागिरीला जागा देणारे कला केंद्र. तेथील व्यापाऱ्यांना जमले, ते येथे विचारातही घेऊ नये, असे काही नाही.

आपल्या जवळही शिकण्यासारखे आहे. नेरूळहून दोन स्टेशने पुढे बेलापूरला सिडकोचे अर्बन हाट आहे. देशभरातील कारागीर तेथे आपला माल मांडतात. त्याच बेलापुरात 'आर्टिस्ट व्हिलेज' आहे. नवी मुंबईच्या आखणीत ज्यांचा मोठा वाटा होता त्या चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ दरम्यान ती वसाहत उभी केली. सात-सात घरांमध्ये एक अंगण, भिंतीला भिंत न लावता बांधलेली घरे, म्हणजे ज्याला जसे जमेल तसे त्याने वाढवावे. आज तेथील अनेक जुनी घरे पाडून मोठी बांधलेली दिसतात. नाव कलावंतांचे राहिले, जागेची किंमत बाजाराने ठरवली. हाट उघडला की विक्री होते, व्हिलेज म्हटले की राहणे होते. पण कारागिराला बसून काम करायला स्वस्त, पक्की, वीज असलेली जागा या दोहोंत कुठेच नाही. बंद शेडमध्ये नेमके तेच शक्य आहे.

काम कुणाचे, नाव कुणाचे?

कला केंद्र म्हटले की डोळ्यांसमोर चित्रकार येतो. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर हिशेब निराळा आहे. प्रत्येक प्रदर्शनाला प्लायच्या तात्पुरत्या भिंती लागतात, चौथरे लागतात, फ्रेम, काच, अॅक्रिलिक, लोखंडी सांगाडे, दिव्यांच्या पट्ट्या, वायरिंग, रंग, छपाई, लाकडी पेट्या, टेम्पो, हमाल, चहा-नाश्ता लागतो. आज एक प्रदर्शन उतरते, उद्या दुसरे चढते. म्हणजे सुतार, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, फ्रेमवाला, पॅकिंगवाला यांचे काम वर्षभर फिरते राहते. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातील कारागिरांनी चित्रपटांच्या सेटवर हेच कसब दाखवले आहे. चोरबाजारातील दुकानदारांना जुनी वस्तू पारखायला कुणी शिकवावे लागत नाही.

पण येथे दोन दुखणी आहेत. पहिले दुखणे पैशाचे. कोचीमध्ये डिसेंबर २०१२ पासून बिनाले भरते, त्याचे अनेक वर्षे मुख्य ठिकाण राहिलेले ॲस्पिनवॉल हाऊस म्हणजे जुन्या व्यापारी कंपनीची वखारच. जगभर नाव झालेला हा उपक्रम. तरीही २०१९ मध्ये मांडणीचे बांधकाम करणाऱ्या कंत्राटदारांनी आपली देणी थकल्याची जाहीर तक्रार केली होती. संस्थेने रकमेबाबत वेगळे म्हणणे मांडले. कोण बरोबर, हे ठरवायला आम्ही बसलो नाही. परंतु मोठे नाव म्हणजे वेळेवर पैसा, असा हिशेब कुणी मनात धरू नये. घाम वाळण्याआधी मजुरी हातात पडावी, ही शिकवण आपल्या प्रत्येक घरात लहानपणापासून कानावर पडते. ती दुसऱ्याला ऐकवण्याआधी आपल्याकडे बिल तयार असले पाहिजे.

कायदा आपल्या बाजूला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने तर एप्रिल २०२४ पासून अशी थकवलेली रक्कम देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येऊ नये, अशी तरतूद केली. मात्र यासाठी आपली उद्यम नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर, फुकट, घरबसल्या होते. दलालाला पैसे देऊ नका. आणि हेही ध्यानात ठेवा की या वसुलीचा हक्क वस्तू बनवणाऱ्याला व सेवा देणाऱ्याला आहे. केवळ माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी होत असली तरी तिचा लाभ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता आहे. व्यापारी बांधवांनी आपली उधारी आपल्याच सावधपणाने सांभाळावी.

दुसरे दुखणे नावाचे. कारागीर सहा महिने जरीकाम करतो, लोखंड वाकवतो, लाकूड कोरतो, आणि प्रदर्शनात पाटीवर दुसऱ्याचेच नाव असते. कल्पना त्याची, हे मान्य. पण हात कुणाचे? या बाबतीत एका माणसाचे उदाहरण आम्हाला मनापासून सांगावेसे वाटते. हनीफ कुरेशी हे 'स्टार्ट इंडिया'च्या संस्थापकांपैकी एक. रस्त्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरे संगणकाच्या फ्लेक्समुळे नाहीशी होत आहेत, हे पाहून त्यांनी ती अक्षरे गोळा करून संगणकावर वापरता येतील असे टाइप बनवले. त्यांना नाव दिले ते त्या-त्या पेंटरचे. सप्टेंबर २०२४ मध्ये ऐन चाळिशीत त्यांचे निधन झाले. मुंबई-दिल्लीच्या भिंतींवर त्यांचे काम पाहणाऱ्यांना ते कदाचित आठवतील. आम्हाला मात्र ते आठवतात पेंटरचे नाव पेंटरला परत देणारा माणूस म्हणून.

येथेही कायद्याचे थोडे ज्ञान कामी येते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'कलाकृती'च्या व्याख्येत कलात्मक कारागिरीच्या वस्तूही धरल्या आहेत. कलम ५७ नुसार कर्त्याला आपले कर्तेपण सांगण्याचा आणि कामाची नासधूस झाल्यास दाद मागण्याचा हक्क आहे. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केलेले भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले, त्यांनी दावा केला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत देण्याचा व ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. समोर सरकार असूनही कर्त्याचा हक्क टिकला. अर्थात दुसऱ्याच्या आराखड्याप्रमाणे केवळ जोडणी करून देणाऱ्याला हा हक्क आपोआप मिळत नाही. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइटही, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. म्हणून ज्या कामात आपले डिझाइन, आपली नक्षी आहे, तेथे ती गोष्ट ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्यावी.

काही शंका

आपल्यातील काही कारागिरांना प्रतिमा आणि पुतळे घडवण्याचे काम नको असते. त्यांचा तो संकोच आम्ही जाणतो. परंतु कला केंद्रातील बहुतेक काम सांगाडा, प्रकाश, लाकूड, काच आणि छपाईचे असते, आणि कलेतही सुलेखन, भौमितिक नक्षी, जाळीकाम, विणकाम यांना मोठे स्थान आहे. जे काम मनाला पटत नाही ते सुरुवातीलाच नम्रपणे नाकारावे. घेऊन मग अर्धवट सोडू नये. त्याने एकट्याचे नव्हे, सर्वांचे नाव जाते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. कारखान्यात तीनशे माणसे कामाला होती, कला केंद्रात तीस असतील, मग हा सौदा कसा? शंका रास्त आहे. म्हणून चालू कारखाना बंद करून कला केंद्र काढायला आमचा स्पष्ट विरोध राहील. जी शेड आधीच बंद आहे आणि जेथे उद्योग परत येण्याची चिन्हे नाहीत, तेथेच हा विचार व्हावा. कला केंद्र ही कारखान्याची भरपाई होऊ शकत नाही. ओसाड शेडपेक्षा किंवा आणखी एका मॉलपेक्षा ते बरे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तिसरी गोष्ट जिवाची. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून १४ माणसे मेली. जुन्या औद्योगिक आवारात गर्दी आणायची तर बाहेर पडायचे रस्ते, वायरिंग आणि अग्निशमन दलाचा दाखला यांत तडजोड चालत नाही. आपल्या पट्ट्यात तर रसायनांचे कारखाने बरेच होते. जेथे रसायने हाताळली गेली ती माती तपासल्याशिवाय तेथे शाळेची मुले आणणे हा गुन्हा ठरेल. वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन आपला असेल, तर कमी पैशात कमी जाडीची तार टाकायला त्याने नकार द्यावा. आग लागल्यावर बोट आधी त्याच्याकडेच जाते.

आपण काय मागावे, काय करावे?

नेरूळ-शिरवणे पट्ट्यात उद्या अशा एखाद्या केंद्राचा प्रस्ताव आला, तर आमच्या मते व्यापारी व कारागीर संघटनांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, त्या शेडमध्ये आधीपासून काम करणाऱ्या लहान कारखानदाराला त्याच आवारात जागेचा पहिला हक्क. दुसरी, एकूण जागेचा किमान एक तृतीयांश भाग कार्यशाळांसाठी, ठरलेल्या भाड्याने, निदान दहा वर्षांच्या कराराने. येथे "एकूण" हा शब्द कुणी बदलणार नाही यावर डोळा ठेवावा; गिरण्यांचा धडा त्यासाठीच आहे. तिसरी, मांडणी, दुरुस्ती आणि पुरवठ्याची कामे परिसरातील नोंदणीकृत कारागिरांना प्रथम, तीही साहित्याची आगाऊ रक्कम देऊन. चौथी, ज्याने घडवले त्याचे नाव पाटीवर.

पण मागणाऱ्याची बाजूही पक्की हवी. उद्यम नोंदणी, बँक खाते, जी.एस.टी. लागू असेल तर तो क्रमांक, छापील दरपत्रक आणि केलेल्या कामाची छायाचित्रे, एवढी फाइल प्रत्येकाने या वर्षी तयार करावी. सुतार, लोहार, कुलूपवाले, गवंडी, शिंपी अशा १८ व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ पासून पी.एम. विश्वकर्मा योजना आहे. तीत प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज आहे. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्याला कर्ज घ्यायलाच हवे असे नाही. त्याने प्रशिक्षण व हत्यारांचा लाभ विचारात घ्यावा. जरीकाम त्या यादीत नाही, ही उणीव आहे आणि ती दूर व्हावी म्हणून जरी कारागिरांनी एकत्र निवेदन द्यावे.

एकेकट्याने जाऊन काही होणार नाही. सुतार, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि टेम्पोवाला मिळून एक दरपत्रक देतील, तर कोणतेही केंद्र त्यांना टाळून पुढे जाणार नाही. वेगवेगळे गेले तर मधला कंत्राटदार चौघांचाही दर पाडील. हे आपण बांधकामाच्या धंद्यात रोज पाहतो.

आज नवी मुंबईत रस्त्याकडेच्या भिंतींवर चित्रे आहेत, फ्लेमिंगोंची शिल्पे उभी आहेत. शहराला सजावटीची हौस आहे, हे उघड आहे. त्या शिल्पाच्या आतला लोखंडी सांगाडा कुठल्या गल्लीत जोडला जातो, हे पाहणाऱ्याला ठाऊक नसते. ते ठाऊक करून देणे आपल्या हाती आहे.

शेड रिकामी होते तेव्हा पहिला हक्क कोणाचा, असे आम्ही वर विचारले. कायदा म्हणेल, पट्टेदाराचा. बाजार म्हणेल, जो जास्त देईल त्याचा. आम्ही म्हणतो, ज्याने त्या शेडमध्ये घाम गाळला त्याला निदान बैठकीत खुर्ची मिळावी. खुर्ची आपोआप मिळत नाही. हातात करार, पावती आणि नोंदणीचा कागद असणाऱ्याला ती नाकारणे मात्र अवघड जाते. ते उस्ताद आता दुसऱ्या गल्लीत बसतात. नव्या जागेचा करार त्यांनी नोंदवून घेतला आहे आणि दर महिन्याचे भाडे बँकेतून जाते. भिंतीवर काजळी पुन्हा चढू लागली आहे, पण आता पुरावा म्हणून तिच्याकडे बोट दाखवण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.